अधांतरी धुराडं

"आजोबा डुलकी घेतायत तोवर तड्यावर पेन्सिलीची आडवी रेघ मारायची आणि धूम ठोकायची!" रोवेनानं धाकट्या नेडला बजावलं.

ईस्टरच्या सुट्टीत अख्खं स्टॅमफर्ड गाव उंडारत होतं, पण रोवेनाला काही सुचत नव्हतं. त्यांच्या आणि शेजारच्या घरात भिंत एकच, धुराडंही एकच, दोन्ही दगडी. शेजारच्या बॅसेटकाकांनी तोडफोड काढल्यापासून वरच्या मजल्यावर आजोबांच्या पलंगामागे तडा गेला होता आणि उशीवर रोज दगडाची भुकटी पडत होती.

"तीनशे वर्षं उभं आहे घर! उगाच घाबरवू नकोस," आई म्हणाली.

"ती भिंत धोक्याची आहे. खाली झोपा ना, आजोबा!" रोवेनानं विनवलं.

"मी याच खोलीत जन्मलो. आता चौघांनी उचललं तरच खाली उतरेन!"

दुसऱ्या दिवशी पाहिलं तर रेघेचे दोन तुकडे जुळत नव्हते! भिंत सरकत होती.

"बॅसेटकाकांचं घर आतून बघायला हवं," नेड म्हणाला. "पण ते घेतील का आत?"

"मिरवायला मिळालं की घेतील!"

दोघं मनुकांचे पाव घेऊन शेजारी गेली. "काका, गल्लीभर तुमच्या स्वयंपाकघराचीच चर्चा आहे!"

बॅसेटकाका फुलून गेले. "या, या! इथं धुराड्याखाली अगडबंब दगडी शेकोटी होती. तळापासून उडवली! केवढी जागा झाली बघा!"

"काका, बाथरूम?" नेडनं पोट धरलं. तो वर गेला आणि पांढराफटक पडून परतला.

"ताई, वर धुराडं तसंच आहे! खाली तर काहीच नाही. मग ते उभं कशावर आहे?"

"दोन फळ्यांवर!" काका हसले. "आजवर पडलंय का?"

तेवढ्यात छतातून करकर आवाज आला. "बाहेर पळा, काका!" ओरडत रोवेनानं नेडला रस्त्यावर ओढलं आणि ती आपल्या घरात घुसली. आजोबा काही केल्या पलंग सोडणार नाहीत, हे तिला ठाऊक होतं.

"आजोबा! बॅसेटकाका आपल्या दारावरचा, घर बांधल्याचं साल कोरलेला दगड उखडतायत!"

"काय? त्याची ही हिंमत!" आजोबा काठी उगारून तरातरा जिना उतरले. आई घाबरून मागोमाग धावली. रस्त्यात बॅसेटकाका उभेच होते.

"कुठंय दगड?" आजोबा गरजले.

आणि धडाड्! धुराडं छप्पर फोडून आत कोसळलं.

धूळ बसली तेव्हा वरच्या खिडकीतून आजोबांच्या पलंगावर दगडांचा ढीग दिसत होता. बॅसेटकाका मटकन खाली बसले. आई रोवेनाला छातीशी घेऊन रडू लागली. "तुझं ऐकायला हवं होतं गं मी! माझी पोरगी शहाणी, मीच वेडी!"

रोवेना आजोबांकडे वळली. "आजोबा, मी खोटं बोलले."

आजोबांनी तिचा हात घट्ट धरला.

"बरं केलंस, पोरी. खरं मला तू कालच सांगितलं होतंस."