तिसरं औषध

ही गोष्ट खरी आहे. ज्यांना थापा वाटतील त्यांनी खुशाल वाटू द्याव्यात, मी वाद घालणार नाही. माझ्या मावसबहिणीच्या बाबतीत घडलंय आणि ती भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यांतली मुळीच नाही.

रविवारची दुपार होती. प्रयोगशाळेत चिटपाखरूही नव्हतं.

आम्ही तिला जिजी म्हणतो. तिचं काम असं: आजारी माणसाच्या कातडीचा इवलासा तुकडा घ्यायचा, त्यातल्या पेशींपासून स्टेम सेल, म्हणजे कुठलंही रूप घेऊ शकणाऱ्या मूळ पेशी, करायच्या आणि त्यांपासून मेंदूच्या पेशी, म्हणजे न्यूरॉन, वाढवायचे. प्रत्येक पेशीत मायटोकॉन्ड्रिया असतात, पेशीला शक्ती पुरवणारे. ते धड चालतात का, हे पेशी किती ऑक्सिजन घेतात त्यावरून मोजायचं.

त्या दिवशीचे न्यूरॉन तिच्या सख्ख्या भावाचे होते.

बारक्याचे. नावाचाच बारक्या, चांगला सहा फूट आहे. पण दोन जिने चढला की पाय गळतात. आजार मायटोकॉन्ड्रियाचाच, आणि त्यावर इलाज नाही. घरच्या माणसाचा नमुना दुसऱ्याच्या हाती सोपवायचा, अशी तिथली रीत. जिजीने ती मोडली.

"माझा भाऊ आहे, मीच बघणार," असा तिचा हट्ट.

ऑक्सिजन मोजणाऱ्या यंत्रात पेशींवर सोडायची तीन औषधं आधीच भरून ठेवतात. पहिल्याने पेशींचा श्वास मंदावतो. दुसऱ्याने त्या जीव तोडून धावतात. तिसऱ्याने मायटोकॉन्ड्रियाचा श्वास साफ बंद होतो. वेळ झाली की यंत्र आपलं आपण एकेक औषध सोडतं.

टक्...

पहिलं पडलं. स्क्रीनवरची रेघ खाली आली.

तेवढ्यात फोन वाजला. बारक्याची बायको होती.

"जिजी, अहो यांना कसंतरी होतंय! जेवता जेवता श्वासच घेता येईना. ओठ निळे पडलेत..."

"बसव त्याला. खिडकी उघड. शेजाऱ्यांना हाक मार, डॉक्टरांना बोलावून घे."

टक्...

दुसरं. रेघ सरसर वर चढली.

"आता धापा टाकतायत हो! जागचे हलले नाहीत, तरी घामाने निथळतायत. कुणीतरी मागे लागल्यासारखं..."

जिजीने स्क्रीनकडे पाहिलं.

आता तिसरं उरलं होतं.

तिने यंत्र थांबवायचं बटण दाबलं. यंत्र ढिम्म. झाकण ओढलं, ते उघडेना. शेवटी तिने भिंतीतली पिनच उपटली. स्क्रीन काळी झाली, घरघर थांबली.

पण झाकणाखालून आवाज येतच होता...

दमलेल्या माणसाच्या श्वासाचा.

आणि फोनमधूनही तोच. त्याच लयीत.

हळूहळू दोन्ही आवाज एकदमच शांत झाले. "जिजी, यांना बरं वाटतंय आता," भावजय रडत म्हणाली. डॉक्टरांना काहीच सापडलं नाही.

दुसऱ्या दिवशी जिजीने प्रयोगशाळेच्या मुख्य सरांकडे बारक्याच्या सगळ्या पेशी मागितल्या. सांभाळून ठेवीन म्हणाली, कारण मारून टाकायची तर तिची छातीच होईना.

"अगं, त्या इतक्या छान वाढल्या की आपण पेशी-बँकेला दिल्या," सर म्हणाले. "मागेल त्या प्रयोगशाळेला मिळतात."

"किती जणांनी नेल्या?"

"तो हिशोब आता कोण ठेवणार? ते वाढवतात, पुढे आणखी कुणाला तरी देतात."

गेल्या महिन्यात बारक्या आमच्याकडे आला होता. गप्पा रंगात आल्या होत्या आणि तो मध्येच थांबला...

श्वास मंदावला. ओठ निळे.

जिजी समोरच होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

मग तो धापा टाकू लागला.

तिने त्याचा हात घट्ट धरला. आम्ही डॉक्टर, पाणी, पंखा करत सैरावैरा धावत होतो. ती एकटीच जागेवर बसून होती, डोळे मिटून. पुढे काय यायचं ते फक्त तिला माहीत होतं.

ते आलं नाही. का, ते कळायला मार्ग नाही. कुठल्यातरी प्रयोगशाळेत कुणीतरी तिसरं औषध भरायला विसरलं असेल. नाहीतर वीज गेली असेल.

आता रोज सकाळी जिजी बारक्याला फोन करते. तो वैतागतो, म्हणतो, "जिवंत आहे गं बाई!"

पण तो फोन उचलेपर्यंत घंटी वाजत राहते... आणि तोवर तिला काहीही करता येत नाही.