कॅमेऱ्याची छत्री

"कॅमेऱ्यासाठी छत्री शिवून मिळेल?"

तिने मशीनवरून मान वर केली. दारात एक तरुण उभा. कपाळावर विस्कटलेले केस, काखेत लाल नायलॉनचा गठ्ठा... आणि चेहरा मात्र एवढा गंभीर, की तिला हसू आवरेना.

"का, पावसात भिजतो वाटतं?"

"छे हो! हवामान मोजायचा मोठा फुगा असतो ना, त्याला बांधून पार वर सोडायचाय. तिथून पृथ्वी वाकलेली दिसते! फुगा फुटला, की कॅमेरा अलगद खाली यायला हवा."

दुकान मावशीचं. ती आतूनच म्हणाली, "घे गं. पडदे शिवून कंटाळलीस ना?"

छत्री दोन दिवसांत झाली. पण झाली म्हटलं, की हा घेऊन जाणार. मग कशाला फिरकतोय इकडे? म्हणून बाईसाहेब रोज तीच एक शिवण उसवायच्या आणि तो आला, की पुन्हा घालायला बसायच्या. "टाका मनासारखा बसत नाही," असं साळसूदपणे सांगायच्या. तोही स्टूल ओढून बसायचा, ढगांच्या गप्पा मारायचा, निघताना दारात उगाच घुटमळायचा.

"कापडाची चाळण करशील हं," मावशी एकदा म्हणाली.

तिला ते आठवलं नेमकं फुगा आभाळात गेल्यावर! कॅमेऱ्याला बांधलेल्या ट्रॅकरच्या सिग्नलमागोमाग गाडी हाकत दोघं एका माळावर येऊन थांबली होती. तो मोबाइलवर नजर लावून बसलेला, आणि तिचा पाय एका जागी ठरेना. त्याचा तो एकुलता एक कॅमेरा. लग्नाचे फोटो काढून पोट चालायचं, तेही त्याच्यावरच.

"बसा ना. किती येरझाऱ्या घालाल?"

"वारा केवढा आहे..."

"वर शांत असतं."

"तुम्ही गेला होतात बघायला?" ती फाडकन म्हणाली. मग तिला राहवेचना. "ऐका — ती छत्री फाटणार. एकच शिवण मी सारखी उसवत होते. सुईच्या भोकांनी कापड पार विरलंय."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "पण... का?"

"कारण —"

मोबाइल टिंगटिंगला. दोघांनी वर पाहिलं. लाल छत्री, एका बाजूने टराटरा फाटलेली, गिरक्या घेत भराभर खाली येत होती.

"अहो, पळा ना! कॅमेरा पडतोय!"

तो हलला नाही. त्याने तिचं मनगट धरलं.

"का उसवलीत?"

"वेड लागलंय का तुम्हाला?"

"आधी सांगा."

"तुम्ही रोज यावं म्हणून!" ती ओरडलीच. "मला आवडता तुम्ही, म्हणून! झालं समाधान? आता पळा!"

पलीकडे खडकावर काहीतरी खाडकन आदळलं. काच फुटली. तिने डोळे गच्च मिटून घेतले.

उघडले तेव्हा तो तिथेच उभा होता. मनगट सोडून त्याने तिचा हात हातात घेतला होता.

"फोटो कार्डात असतात, ते काही फुटत नाहीत," तो म्हणाला. "चला... सावकाश जाऊ."