उपाशी चवबाई

"ती कॉफी पिऊ नका... जळकी आहे."

दवाखान्याच्या बाकावर शेजारच्या मुलीचं ऐकून ओठांशी कप नेलेला तरुण थबकला. "न पिताच कळलं?"

"वासावरून. कॉफीच्या कंपनीत चव बघायचीच नोकरी आहे माझी."

"मग चवबाई, चांगली कुठे मिळते तेही सांगा!"

गरोदर बहिणीला तपासणीसाठी घेऊन आला होता तो. मुलांना पोहायला शिकवायचा. डोळे असे मिश्कील, की तिची नजर आपोआप खाली वळली.

चांगली कॉफी पाजायला तिनं त्याला एकदा बोलावलं. मग तो न बोलावताच येऊ लागला. अहो-जाहोचं अरे-तुरे कधी झालं, कळलंही नाही. एका रविवारी त्यानं तिला पोहण्याच्या तलावावर नेलं. दोन पोरं खांद्यावर, एक पाठीला लोंबकळलेलं, आणि मास्तर खदाखदा हसत होते. तीही हसली... आणि तिनं एकदम तोंड फिरवलं.

परतताना त्यानं विचारलंच, "लग्न करशील माझ्याशी?"

"आधी ऐक, मास्तर—" तिनं त्याला अडवलं. "कित्येक महिने पाळी आली नाहीये. कॉफीनंच घात केला म्हणते आई. कदाचित मूल... होणारच नाही. उद्या रिपोर्ट आहे."

तो चालता चालता थांबला. तिचा जीव टांगणीला लागला.

"खोटं नाही बोलणार. मुलं हवीत मला," तो हळूच म्हणाला. "पण तू त्याहून जास्त हवीस. उद्या बरोबर येऊ?"

डॉक्टरबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "जेवता काय?"

"जीभ कोरी राहावी म्हणून दुपारी काहीच नाही. संध्याकाळी टोस्ट... कॉफीबरोबर."

"मग शरीर संप करणारच! बाकी तपासण्या उत्तम आहेत. पोटाला पुरेसं मिळत नाही म्हणून पाळी थांबलीय, रक्तातलं लोहही कमी झालंय. कॉफी एक-दोन कपच घ्या, पण जेवणाबरोबर नको. त्यानं अन्नातलं लोह अंगी लागत नाही. डाळी, पालेभाज्या, अंडी, फळं खा. काही महिन्यांत गाडी रुळावर येईल."

छातीवरचा धोंडा उतरला. बाहेर येऊन ती पायरीवर मटकन बसली. हसता हसता रडू लागली.

"आता काय झालं?"

"भूक लागलीय रे... सडकून!"

"चल की मग. आणि कालचं उत्तर?"

"आधी पोटभर जेवू घाल, मग हो म्हणेन."

"आत्ताच म्हणालीस!"

तिनं जीभ चावली... आणि उठायला त्याच्यापुढे हात केला.