लेकीच्या नावाचा मुद्दा

वाऱ्यानं कॅमेऱ्याचा स्टँड हलला, मी तो दोन्ही हातांनी धरला आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर उभा असलेला उमेदवार भाषणाच्या मधेच थांबला.

“मॅडम, रेकॉर्ड झालं ना? नसंल तर परत सांगतो.”

आमच्या तालुक्याच्या गावी, वाशीच्या बाजारातली माणसं हसली. माझे कान तापले. मी नुसती मान हलवली. तो पुढं बोलायला लागला, पण त्याची नजर क्षणभर माझ्याकडंच राहिली...

मी दीपमाला. तलाठी. विधानसभेची निवडणूक लागली आणि माझी ड्युटी व्हिडिओ पथकात आली. उमेदवाराची सभा चित्रित करायची, आचारसंहिता मोडली का ते लिहून द्यायचं. माझ्या वाट्याला आला वैजनाथ. मेंढपाळाच्या घरातला, वकिली शिकलेला, अपक्ष.

त्याच्या भाषणात कुणाला शिव्या नसायच्या. राज्यानं काय करावं, तेवढंच. ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या लेकरांसाठी गावातच वसतिगृह. उपकेंद्रात मुक्कामाला नर्स. मेंढरांना चराईची हक्काची जमीन. आणि शेवटी, आवाज जरा खाली आणून, बापाच्या सातबारावर लेकीचं नाव — तिला मागायला न लावता. आठवड्याभरात मला सगळं पाठ झालं. भाकरी थापताना ओठांवर यायचं.

त्याच्या मागं डोंगरावरच्या पवनचक्क्या संथ फिरत असायच्या. तूर पिवळी फुललेली, ज्वारी कमरेला लागलेली, नोव्हेंबरचं ऊन मऊ. त्याला चौकटीच्या मधोमध ठेवायचं, एवढंच माझं काम. पण मी हळूहळू चित्र जवळ घ्यायला लागले... कपाळावरचा घाम, शर्टाच्या बाहीशी चाळा करणारी बोटं. निवडणूक आयोगाला याची काहीच गरज नव्हती.

एका दुपारी डोंगरावरच्या वस्तीत माणसं अजून जमली नव्हती. मी लिंबाखाली स्टँड लावत होते. तो चार हात लांब येऊन उभा राहिला.

“इतक्या वेळा ऐकलं तुम्ही. कोणता मुद्दा पटला?”

“सरकारी माणसाला मत सांगता येत नाही.”

“तोंडावर दिसतं की.”

“काय दिसतं?”

“चराईवर बोललो की तुम्ही कॅमेऱ्याकडं बघता. लेकीच्या नावावर आलो की... माझ्याकडं.”

मला हसू आलं. ते लपवायला मी खाली वाकले, स्क्रू उगाच घट्ट केला. आणि मग कितीतरी दिवस घशाशी असलेलं बोलून गेले.

“तुमच्या बहिणीचं नाव आहे का तुमच्या सातबारावर?”

त्याची बोटं बाहीवरच थांबली.

“म्हाळसाआक्कानं हक्कसोड दिलं,” तो म्हणाला. “वडील गेले तवा. खुशीनं दिलं.”

“सगळे भाऊ असंच सांगतात. बहिणी आपला हिस्सा सोडल्याच्या कागदावर सही करून आमच्या हापिसात येतात. त्यातली एकही हसताना मी पाहिली नाही.” “मीही दिलंय. भावाला. मीही खुशीनंच दिलं, असं तो सांगतो.”

तोवर माणसं जमली होती. त्या सभेत त्यानं चौथा मुद्दा घेतलाच नाही.

मला रडू यायचं बाकी होतं. ड्युटीवर असताना उमेदवाराला असं विचारलं, कुणी तक्रार केली असती तर नोकरी गेली असती. पण भीती त्याची नव्हती. त्यानं माझ्याकडं परत बघितलं नाही, याची होती.

दुसऱ्या दिवशी त्याच्या स्वतःच्या गावात सभा होती. पुढच्या रांगेत चुलते, भावकी. वैजनाथनं माईक हातात घेतला.

“मी लेकीच्या नावाचं बोलत हिंडतोय,” तो म्हणाला, “आणि माझ्या आक्काचं नाव माझ्या रानाला न्हाय. कुणीतरी विचारलं, तवा मी म्हणलो, आक्कानं खुशीनं दिलं. काल आक्काकडं गेलो. तिला विचारलं, खुशीनं दिलं व्हतंस का? ती लई वेळ रडली. निवडणूक हरू नायतर जिंकू, तिचं दीड एकर मी तिच्या नावावर करून देणार.”

चुलते उठले. त्यांच्यामागं निम्मी रांग उठली. वैजनाथनं त्यांना थांबवलं नाही. त्यानं सावकाश कॅमेऱ्याकडं बघितलं... कॅमेऱ्याकडं नाही, माझ्याकडं. विचारणारी कोण, ते त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. मी चित्र जवळ घेतलं; त्या दिवसाच्या चित्रणात शेवटी नुसता त्याचा चेहरा आहे.

निकालात तो तिसरा आला.

मी माझ्या तलाठी सज्जाच्या कामाला परत लागले. फोन आला नाही. मीही केला नाही. पण रस्त्यावर जीप वाजली की पेन थांबायचं.

डिसेंबरच्या मध्यावर, एका सकाळी हापिसाच्या दारात तो उभा. शेजारी कपाळावर ठसठशीत कुंकू लावलेली बाई.

“ह्या आमच्या आक्का. नाव लागलं रानाला. ह्यांनाच तुम्हांला भेटायचं व्हतं.”

म्हाळसाआक्कानं माझा हात हातात घेतला. तिचा तळवा खरखरीत, ऊबदार होता. “बाई, तू इचारलंस म्हून झालं,” एवढंच ती म्हणाली, आणि “मी हाय जीपमधी,” म्हणत मुद्दाम बाहेर गेली.

तो खुर्चीवर बसला नाही.

“एकदा तुमच्या भावाला भेटावं म्हणतो... रीतसर. तुमच्याबद्दल विचारायला.”

“त्याला नंतर,” मी म्हणाले. “आधी मला विचारा.”

हजार माणसांपुढं न अडखळणारा तो माणूस दोनदा खाकरला. खिडकीतून ज्वारीवरचा वारा आत आला, टेबलावरचे कागद फडफडले, आणि ते धरायला दोघांचेही हात एकदम पुढं झाले. त्यानं हात काढला नाही.

“दीपमाला... माझ्यासंगं राहाल?”

“व्हय,” मी म्हणाले.