अठरा मीटरची केबल

हॉस्पिटलमधून सिस्टरचा फोन आला तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते.

“मॅडम, त्या पायऱ्यांवरून पडलेल्या डॉक्टरीणबाईंना आज चार वाजता घरी सोडताहेत. दीर न्यायला येणार आहेत.” सिस्टरने आवाज खाली आणला. “बाईंना अजून बोलता येत नाही. पण दीर खोलीत आला की त्यांची नाडी पळायला लागते. नऊ दिवस बघतेय मी. भाची आली तर असं होत नाही.”

इन्स्पेक्टरबाईंनी फोन ठेवला. ठाण्यात त्यांना पाठीमागे चिमटाबाई म्हणत, कारण एकदा प्रश्नात धरलेला माणूस त्यांच्या हातून सुटत नसे. पण नाडीवरून कोणाला अटक करता येत नाही. आणि चारनंतर ती मुकी झालेली बाई त्याच घरात, त्याच माणसाच्या ताब्यात जाणार होती. 

कागदोपत्री प्रकरण मिटल्यातच जमा होतं. डॉक्टरीणबाई निवृत्त सर्जन. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. मोठ्या पडद्यावर टेनिस बघायची हौस म्हणून त्यांनी तळमजल्यावर होम थिएटर करून घेतलं होतं. नऊ दिवसांपूर्वी, भर दुपारी, त्या तिथेच पायऱ्यांखाली डोकं फुटलेल्या सापडल्या. पायऱ्यांवर व्हिडिओ केबल आडवी पडलेली. वायरमनने ती उघडी सोडली म्हणून वहिनी अडखळल्या, अशी धाकट्या दिराने तक्रार दिली आणि वायरमन कोठडीत गेला.

चिमटाबाईंनी थिएटरचं सील तोडलं. खिडकी नाही. भिंतींना काळं जाड कापड. दार लावलं की स्वतःचा श्वास ऐकू यावा अशी खोली. समोर पडदा, त्याखाली चित्र पाठवणाऱ्या मशीनचं कपाट. तिथून तीन रुंद पायऱ्या मागे चढत गेलेल्या, त्यांच्यावर खुर्च्या, आणि अगदी मागे, उंच फळीवर प्रोजेक्टर. केबल कपाटातून निघून पायऱ्यांवरून फळीपर्यंत गेली होती.

त्यांनी केबलवरून बोट फिरवलं. बोट पांढरं झालं. वास घेतला, तर टाल्कम पावडर.

मग गुडघ्यांना चार शिव्या देत त्या स्टुलावर चढल्या. प्रोजेक्टरमधला प्लग घट्ट बसलेला होता. कपाटातलाही तसाच. चष्मा लावून प्रोजेक्टरकडच्या प्लगवरची बारीक अक्षरं त्यांनी वाचली. ‘मशीनकडे’ असं छापलं होतं. हवालदाराने त्याच दिवशी, सील करण्याआधी काढलेल्या फोटोतही प्लग तोच होता. अर्थ काही लागला नाही, पण वहीत लिहून ठेवलं.

डॉक्टरीणबाईंकडेच राहणारी भाची थिएटरशेजारच्या स्वयंपाकघरात बसली होती. डोळे सुजलेले. त्या दिवशी सकाळी तिचं मावशीशी कडाक्याचं भांडण झालं होतं, हे शेजाऱ्यांनीच सांगितलेलं. तिने ते नाकारलं नाही. काका, म्हणजे दीर, तुझ्या माघारी बिल्डरला घर दाखवतात, असं तिने मावशीला सांगितलं होतं. मावशी म्हणाली, कान भरू नकोस, मी त्याला स्वतः विचारीन.

“दुपारी काय ऐकलंत?” चिमटाबाईंनी विचारलं.

“सामन्याचा आवाज. तीननंतर एकदम वाढला. मी मुद्दाम गेले नाही. मला खोटारडी ठरवलं होतं ना तिने.”

“आत कधी गेलात?”

“साडेचारला. आवाज कानठळ्या बसवत होता, पण पडद्यावर सामना नव्हता. नुसता निळा उजेड. आणि मावशी खाली...” 

दीर वरच्या मजल्यावर राहायचा. बोलणं असं की लोणीसुद्धा खडबडीत वाटावं. वहिनींसाठी औषधांचं वेळापत्रक त्याने भिंतीवर लावून ठेवलं होतं. त्यांच्या खोलीच्या दाराला बाहेरून नवी कडीही बसवली होती, त्या उठून पुन्हा पडू नयेत म्हणून. चिमटाबाई त्या कडीकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिल्या.

“केबल पायऱ्यांवर कधीपासून होती?”

“बसवली त्या दिवसापासून. मी वहिनींना रोज सांगायचो, एक दिवस पाय अडकेल.”

“त्या दुपारी तुम्ही त्यांच्यासोबत होतात?”

“साडेतीनपर्यंत. सामना रंगात आला होता, चित्र आरशासारखं लख्ख. मग मी वर येऊन झोपलो.”

“मग भाचीला निळा पडदा का दिसला?”

“पाय अडकून केबल ओढली गेली असेल, निघाली असेल.” तो खिन्न हसला. वायरमनने वहिनींच्या गळ्यात महागडी केबल मारली, असंही तो म्हणाला. त्याचं तेव्हाच मत होतं, वायर ती वायर, कुठलीही घ्या.

कोठडीत वायरमनला तुरुंगापेक्षा बदनामीचा राग जास्त होता. पायऱ्यांवरून केबल नेणारा कारागीर आपण नव्हे, असं तो तीनतीनदा सांगत होता. अंतर अठरा मीटर. एवढ्या लांबीला साधी तांब्याची केबल भरवशाची नाही, चित्र मध्येच लुकलुकतं, नाहीतर जातं. म्हणून त्याने काचेच्या तंतूची, आतून प्रकाश नेणारी केबल निवडली. ती जमिनीवर पसरून दिवसभर चालवून पाहिली आणि मगच छतातल्या पाइपात सरकवली. सरकावी म्हणून पावडर लावली. एकदा छत बंद झालं की चूक महागात पडते, बाई, असं तो म्हणाला.

चिमटाबाईंनी वही उघडून प्लगवरची अक्षरं त्याला वाचून दाखवली. तो ताडकन उभा राहिला. पुढची पाच मिनिटं तो बोलत होता आणि त्या लिहून घेत होत्या. मग त्यांनी घड्याळ पाहिलं. साडेतीन वाजले होते.

हॉस्पिटलच्या खोलीत दीर व्हीलचेअर घेऊन उभा होता. डॉक्टरीणबाईंनी पलंगाची दांडी पकडली होती आणि भाची ती बोटं सोडवायचा प्रयत्न करत होती.

“थांबा,” चिमटाबाई म्हणाल्या. “केबलचं एक राहिलंय. वायर ती वायर, म्हणालात ना? ही तशी नाही. हिची दोन्ही टोकं दिसायला सारखी असतात, पण चित्र एकाच दिशेने जातं. मशीनचं टोक मशीनला, प्रोजेक्टरचं प्रोजेक्टरला. उलटी लावली तर पडदा निळा. आवाज वेगळ्या वायरीने स्पीकरला जातो, म्हणून तो चालूच राहिला.”

दीर व्हीलचेअर पुढे ढकलू लागला. चिमटाबाई आडव्या उभ्या राहिल्या.

“पायऱ्यांवरची केबल उलटी जोडलेली आहे, आणि दोन्ही प्लग घट्ट आहेत. म्हणजे ती तिथे पडल्यापासून त्या पडद्यावर चित्र आलेलंच नाही. तुम्ही म्हणता केबल पहिल्या दिवसापासून तिथेच होती. मग लख्ख सामना कुठे पाहिलात?”

“वायरमननेच उलटी...”

“वायरमनने ती छतातल्या पाइपात घातली होती. त्याची पावडर अजून केबलला आहे. वहिनींनी तुम्हाला बिल्डरबद्दल विचारलं. तुम्ही त्यांना ढकललंत, आवाज वाढवलात आणि पाय अडकल्याचं दिसावं म्हणून छतातली केबल प्रोजेक्टरच्या बाजूने ओढून काढलीत. सगळ्यात शेवटी हातात आलं ते मशीनचं टोक. समोरच प्रोजेक्टर होता. खुपसलंत त्यात, आणि दुसरं टोक पायऱ्यांवरून नेऊन मशीनला लावलंत.”

“मी फक्त हात झटकला,” दीर पुटपुटला. “तोल त्यांचा गेला.”

“आणि मग अठरा मीटर केबल काढलीत. बाईंना उचलायच्या आधी.” आता चिमटाबाईंचा आवाज चढला. “त्या शुद्धीवर होत्या हो. खाली पडून तुम्हाला बघत होत्या, म्हणून तर अजून तुम्ही आलात की त्यांची नाडी पळते.”

दोन हवालदार त्याला घेऊन गेले. वायरमनला सोडायला चिमटाबाईंनी ठाण्यात फोन लावला.

भाची पलंगाच्या कडेला बसून हमसून हमसून रडली. “मी भिंतीपलीकडेच होते. रागाच्या भरात दार उघडलं नाही.” चिमटाबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

मग भाचीने डोळे पुसले आणि मावशीचा चेहरा आपल्याकडे वळवला. “चल, घरी जाऊ. आता तिथे फक्त आपण दोघी.”

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं आणि तिचा हात घट्ट धरला. ओठ हलले. त्या घराला नऊ दिवसांतला पहिला शब्द बाहेर आला.

“नको.”