इंजिन टेबलावर होतं

विश्वास ठेवा अगर ठेवू नका, पण यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. मंगळवार होता. संध्याकाळचे पावणेसात. जागा... आमच्याच घराचा पोर्च.

आधी गाडीचं सांगते. नवऱ्याने हौसेने इटालियन गाडी घेतली होती. सेकंडहँड, चार दारांची, गडद निळी. आत लाल चामड्याच्या सीट. स्टार्ट केली की गुरगुर थेट पोटात जाणवायची. सिग्नलला लोक वळून बघायचे आणि नवरा उगाच मान ताठ करायचा. खोटं कशाला बोलू, मलाही आवडायचं.

पण महिन्यातले पंधरा दिवस ती गॅरेजमध्ये. कधी काच खाली गेली की वर येत नसे, कधी डॅशबोर्डवरचे सगळे दिवे एकदम लागायचे. पार्ट बाहेरून येईपर्यंत आम्ही दोघं बसने. त्या मंगळवारीही मी शाळेतून उभ्यानेच आले. पाय नुसते भरून आले होते.

चप्पल काढली, आणि...

पोर्चमध्ये गाडी आली.

तोच आवाज. मग इंजिन बंद. मग तापलेला पत्रा निवताना होते ती टिक... टिक...

"आला गं," सासरे खुर्चीतून म्हणाले.

मी दार उघडलं.

पोर्च रिकामा.

फरशीला हात लावून पाहिला. गरम होती.

मेकॅनिकला फोन लावला. "वहिनी, गाडी हलणार कशी? इंजिन काढून टेबलावर ठेवलंय."

नवरा साडेआठला आला. सगळं ऐकून म्हणाला, "दमलीयेस तू."

दमले तर होतेच.

गुरुवारी आले, तर सासऱ्यांची खुर्ची रिकामी. त्यांच्या चपला दाराबाहेर, नीट जोडून ठेवलेल्या. गल्लीभर हाका मारल्या. कोणीच त्यांना पाहिलं नव्हतं.

आणि पावणेसातला... पुन्हा तो आवाज.

मी धावत आले. सासरे पोर्चमध्ये उभे. अनवाणी, पण तळवे स्वच्छ. केस विस्कटलेले. डोळ्यांवर चष्मा नाही.

"बाबा, कुठे होतात?"

"छान फिरवून आणलं. मागची सीट फार मऊ आहे गं."

"कोणी फिरवलं?"

"पुढे दोघं होते. बोलले नाहीत काही."

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकचाच फोन आला. आवाज पडलेला.

"वहिनी, मागच्या सीटवर कुणाचातरी चष्मा सापडलाय... गाडीला दोन आठवडे कुलूप आहे हो."

गाडी आम्ही तशीच विकून टाकली, उघड्या इंजिनासकट. खूप लांबच्या माणसाला. याला दोन महिने झाले.

आवाज अजून येतो. मी आतून कडी लावते, बाबांना धरून बसते.

काल ते हळूच म्हणाले, "आज बोलले ते."

"काय?"

"मागे तुझ्यासाठीही जागा ठेवलीये म्हणे."

मी बाबांचा हात आणखी घट्ट धरला. पण दिवसभर उभी होते हो मी... आणि भानावर आले, तेव्हा माझा हात कडीवर होता.