एकशे एकविसावं चित्र

आयकॉन करणारा प्रोग्रॅम स्मृतीच्या संगणकावर काही केल्या चालेना, म्हणून ती त्रिविक्रमच्या टेबलापाशी आली. एवढंच निमित्त. साल सत्त्याण्णव. जयनगरच्या त्या छोट्या कंपनीत मुलांसाठी अक्षरओळखीची सीडी तयार होत होती आणि तिच्यातली एकशे वीस चित्रं – आंबा, बैल, छत्री – स्मृतीची होती. प्रत्येकाचा नखाएवढा आयकॉन करायचा होता.

"स्वल्प सरकता का?" तिने विचारलं.

तो नुकताच पुण्याहून आलेला. मल्लेश्वरम भागातल्या जुन्या मराठी घराण्यातलं तिचं हे कानडी वळणाचं मराठी त्याने पहिल्यांदाच ऐकलं. "स्वल्प म्हणजे किती?"

"माझी खुर्ची मावेल एवढं."

मग रोज दुपारी तिची खुर्ची तिथेच. चित्र उघडायचं, बारीक करायचं, आयकॉन म्हणून साठवायचं, पुढचं उघडायचं. एकेकाला पाच मिनिटं, आणि ती पाच मिनिटं स्मृतीला फार आवडायची. बारीक झालेल्या बैलाला तो उंदीर म्हणायचा, ती रुसायची, मग तो कॉफी आणून द्यायचा. शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांना ती घरच्या सवयीने अण्णा, म्हणजे दादा, म्हणे. त्याला मात्र चुकूनही नाही. हे कुणाच्या ध्यानात आलं नसेल, अशी तिची समजूत होती.

निम्मी चित्रंही झाली नव्हती, आणि एके दिवशी त्याने सांगितलं की सोमवारपासून तो शहराबाहेरच्या इलेक्ट्रॉनिक सिटीत नव्या नोकरीवर रुजू होणार. "सरी, बरं," एवढंच म्हणून स्मृती बैलाचं शिंग उगाच पुसत बसली.

शुक्रवारी त्याने तिला बोलावलं. त्याने स्वतः एक प्रोग्रॅम लिहिला होता. फोल्डर दाखवायचा, कळ दाबायची, आत असतील नसतील तेवढ्या चित्रांचे आयकॉन एका दमात तयार. आपण गेल्यावर तिचे हाल नकोत, म्हणे. रोजची पाच-पाच मिनिटं हा माणूस एका मिनिटात संपवायला निघाला होता... तिने सगळा फोल्डर त्याच्या संगणकावर घातला.

त्याने कळ दाबली. आंबा, बैल, छत्री भराभर उमटू लागले, आणि तेव्हा कुठे तिला आठवलं. त्याच फोल्डरमध्ये तिने आणखी एक चित्र ठेवलं होतं. एकेक उघडताना ते टाळता यायचं. आता कसं टाळणार?

"थांबवा ना..."

"थांबवायची सोय केलेली नाही," तो म्हणाला.

शेवटच्या ओळीत तो स्वतःच उमटला. जाड चष्मा, कपाळावर आलेली बट, हातात कॉफीचा पेला. तो पडद्याजवळ वाकला.

"हे कुठल्या अक्षराचं?"

"कुठल्याच नाही." स्मृतीचे कान तापले होते, पण आता लपवण्यासारखं उरलं तरी काय? "ते माझ्यासाठी आहे. तुम्ही गेल्यावर बघायला."

त्याने आपला कॉफीचा पेला हळूच तिच्याकडे सरकवला. "तू मला अण्णा म्हणत नाहीस, हे कधीच लक्षात आलं होतं माझ्या. रोज धास्ती वाटायची – आज म्हणते की काय."

"आणि म्हटलं असतं तर?"

"तर हा प्रोग्रॅम पहिल्याच आठवड्यात लिहून दिला असता."

स्मृतीला हसू आवरेना. रविवारी मल्लेश्वरमला यायला बस कुठली, असं त्याने विचारलं, तेव्हा तिने कागदावर बसचा नंबर लिहिला आणि खाली घरचा पत्ताही.

"घरात तीन खरेखुरे अण्णा आहेत," ती म्हणाली. "स्वल्प जपून ये."